सहा टिंबांची बाराखडी



विद्वान् अंधास 'प्रज्ञाचक्षु' म्हणण्याची आपल्या समाजांत जुनी रीत आहे. शब्द मोठा सुंदर आहे, आणि विदर्भांतील श्रीगुलाबराव महाराजांच्या बाबतींत तो अक्षरशः खराही होता. १८८१ सालीं अमरावती जिल्ह्यांत त्यांचा जन्म झाला आणि वर्षाचे होण्यापूर्वींच त्यांची दृष्टि गेली. उणेंपुरें ३४ वर्षांचें आयुष्य त्यांना लाभलें. तेवढ्या अवधींत मराठी, संस्कृत व हिंदी मिळून शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांनीं रचले. दुसऱ्यानें वाचावें आणि त्यांनीं ऐकावें. त्यांनीं सांगावें आणि दुसऱ्यानें लिहून घ्यावें, असा त्यांच्या अध्ययनाचा व लेखनाचा क्रम होता.

या अलौकिक पुरुषाविषयीं पूर्ण आदर बाळगूनही एक साधा प्रश्न मनांत येतो. रात्रीं जाग आली, आणि परवां सांगितलेल्या एखाद्या वाक्यांतील शब्द बदलावा असें वाटलें, तर त्यांनीं काय करावें? लिहिणाऱ्यास उठवावें, नाहीं तर उजाडण्याची वाट पाहावी. शंभर ग्रंथांच्या कर्त्याला आपल्याच ग्रंथाचें एक पान स्वतः उलटून पाहतां येत नव्हतें. महाराजांचें निधन १९१५ सालीं पुण्यास झालें. त्याच्या पंधरा वर्षें आधीं मुंबईंत अंधांची शाळा निघाली होती, आणि ज्या लिपीनें ही अडचण दूर झाली असती ती फ्रान्सांत तयार होऊन ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. ती लिपि म्हणजे ब्रेल. ती कशी जन्मली आणि आपल्या मराठीपर्यंत कशी येऊन पोंचली, हें आज सांगावयाचें आहे.

कोणी म्हणेल, ऐकून सारें समजत असेल तर वाचण्याचा एवढा आग्रह कशासाठीं? मी उभा जन्म प्राथमिक शाळेंत मराठी शिकविण्यांत घालविला आहे, तेव्हां याचें उत्तर मला माझ्या वर्गांतूनच देतां येईल. आमच्या शाळेंत कांहीं वर्षें एक दृष्टिहीन मुलगा येत असे. तिसांपर्यंतचे पाढे, कविता, इतिहासांतील सनावळ्या, सर्व त्याच्या जिभेवर असे. एके दिवशीं त्यानें विचारलें, "गुरुजी, गरीब तो दीन आणि स्वातंत्र्याचा तो दिन, हे दोन शब्द एकच का हो?" आपण मराठी माणसें बोलतांना ऱ्हस्वदीर्घाचा भेद फारसा पाळीत नाहीं, कानाला दोन्ही सारखेच. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा; पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे जल; शिर म्हणजे डोकें आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. डोळस मुलाला हा भेद वेलांटी किंवा उकार पाहून कळतो. या मुलाला तो कोणीं दाखवावा? मीं त्याच्या तळहातावर बोटानें दोन्ही वेलांट्या काढून दाखविल्या. त्याला गंमत वाटली. पण तळहातावरची रेघ दुसऱ्या क्षणीं नाहींशी होते.

ऐकणारा बहुश्रुत होतो, यांत शंका नाहीं. परंतु शब्द कोठें तुटतो, नांवाचें लेखन कसें होतें, स्वल्पविराम कोठें पडतो, अपूर्णांकांत रेघेच्या वर काय आणि खालीं काय, हें कानाला सांगूनही नीट समजत नाहीं. साक्षर व्हावयाचें तर अक्षर स्वतःच्या ताब्यांत यावें लागतें. मागें जाऊन तें पुन्हां पाहतां आलें पाहिजे, खोडतां आलें पाहिजे.

आतां बोटांनीं वाचणें म्हणजे काय, हें सांगण्यासाठीं मी आपणांस क्षणभर आमच्या गांवीं नेतों. अहिल्यानगर, म्हणजे आमच्या जुन्या नगर जिल्ह्यांत, श्रीगोंदें तालुक्यांत काष्टी हें आमचें गांव. येथील जनावरांचा बाजार नांवाजलेला आहे. अशा बाजारांतून बैलाचा भाव करण्याची जुनी पद्धत आपल्यापैकीं कांहींनीं पाहिली असेल. दोघे जण हातांवर उपरणें टाकतात आणि त्याखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवितात. तोंडानें अवाक्षर निघत नाहीं, आणि शेजारीं उभ्या असलेल्या डोळसाला कांहीं म्हणतां कांहीं कळत नाहीं. हा व्यवहार दोन गोष्टींवर चालतो. बोटांना बारीक भेद कळतो, ही एक. आणि खुणेचा अर्थ दोन्ही पक्षांना एकच ठाऊक असतो, ही दुसरी. ब्रेल लिपीचा सारा इतिहास या दोन गोष्टींभोंवतीं फिरतो. पहिली युरोपांत साधली. दुसरी साधावयास आपल्या देशाला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें व्हॅलेंटिन आउई या गृहस्थानें अंध मुलांची शाळा काढली. अंधांना पद्धतशीर वाचन शिकविण्याचा मान त्याच्याकडे जातो. परंतु त्यानें डोळ्यांसाठीं बनलेलींच रोमन अक्षरें जाड कागदावर उठवून घेतलीं. अक्षर उमटलें खरें, पण गोल कोठें संपला आणि रेघ कोठें सुरू झाली याचा शोध घेत बोट त्यावरून रेंगाळत असे. पुस्तकें अवजड, महाग आणि मोजकींच. सर्वांत मोठी उणीव ही कीं, मुलाला तीं अक्षरें स्वतः लिहितां येत नसत.

याच शाळेंत १८१९ सालीं दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. पॅरिसजवळच्या कुव्रे गांवीं ४ जानेवारी १८०९ रोजीं जन्मलेला हा मुलगा खोगिरें व घोड्यांचें चामडी सामान करणाऱ्या कारागिराचा होता. तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांत खेळतां खेळतां चामडें टोंचण्याची आरी त्याच्या एका डोळ्यांत घुसली. जखम चिघळून दुसराही डोळा गेला. शाळेंत आल्यावर कांहीं काळानें त्याला शार्ल बार्बिये या सैन्यांतील अधिकाऱ्याच्या एका युक्तीची माहिती मिळाली. उठावदार टिंबांनीं, अंधारांतही वाचतां येईल, असा मजकूर लिहिण्याची ती युक्ति होती. तिच्यांत एका खुणेसाठीं बारा टिंबांपर्यंत जागा लागे, त्यामुळें बोट वरखालीं फिरवावें लागे. शिवाय ती उच्चारापुरतीच होती. शुद्धलेखन नाहीं, विरामचिन्हें नाहींत. बोटाला रेघेपेक्षां टिंब लवकर समजतें ही मोलाची गोष्ट बार्बियेनें दाखविली. परंतु त्याची लिपि अंधाला निरोप देणारी होती, भाषा देणारी नव्हती. हा फरक ओळखला तो पंधरा वर्षांच्या लुईनें. १८२४ च्या सुमारास त्यानें टिंबें बारांवरून सहांवर आणलीं आणि प्रत्येक खूण उच्चाराला न देतां वर्णाला दिली. १८२९ सालीं ही पद्धति छापून प्रसिद्ध झाली.

उभ्या दोन ओळी, प्रत्येकींत तीन टिंबें, एवढाच हा सांचा. डावीकडचीं वरून खालीं एक, दोन, तीन. उजवीकडचीं चार, पांच, सहा. कांहीं उठवावयाचीं, कांहीं सपाट ठेवावयाचीं. अशा त्रेसष्ट आकृति होतात, आणि प्रत्येक आकृति बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावते. बोट वरखालीं न्यावें लागत नाहीं, नुसतें पुढें सरकतें. लिहावयास खांचे असलेली एक पट्टी आणि एक बोथट टोंचणी पुरते. टोंचलेलें टिंब कागदाच्या मागच्या बाजूस उठतें, म्हणून लिहितांना उजवीकडून डावीकडे लिहावें लागतें आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावें लागतें. म्हणजे लेखन उर्दूच्या वळणानें आणि वाचन मराठीच्या. मुलें हें आठवड्यांत शिकतात, मोठ्यांना मात्र वेळ लागतो. ज्या जातीच्या हत्यारानें लुईचे डोळे गेले त्याच जातीचें हत्यार त्याची लेखणी झालें.

लिपि तयार झाली म्हणून ती लगेच स्वीकारली गेली असें मात्र झालें नाहीं. डोळस शिक्षकांची तक्रार अशी कीं, आम्हांला वाचतां येत नाहीं अशी लिपि मुलांना दिली तर तीं समाजापासून तुटतील. १८४० नंतर कांहीं वर्षें त्या शाळेंतच ही लिपि बंद करण्यांत आली होती; मुलें चोरून लिहीत. ६ जानेवारी १८५२ रोजीं ब्रेल क्षयानें वारला आणि १८५४ सालीं फ्रान्सनें त्याच्या लिपीला सरकारी मान्यता दिली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांतील पहिली अंधशाळा १८८७ सालीं अमृतसर येथें ॲनी शार्प या मिशनरी बाईंनीं काढली. १९०३ सालीं ती डेहराडूनजवळ राजपूर येथें गेली. आपल्या मुंबईंत हें काम सुरू झालें तें १९०० सालीं. १८९९-१९०० चा दुष्काळ नगर जिल्ह्यानें फार भोगला. अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ पासून आमच्या नगर शहरांत होतें, आणि त्याच मिशनच्या ॲना मिलर्ड या बाईंनीं त्या दुष्काळाच्या दिवसांत मुंबईंत अंध मुलांना जवळ करून शाळा उभी केली. पुढें ती दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. मुलींची ही शाळा आजही चालू आहे. मिशनरी मंडळींचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे. पण आपण ज्या मुलांना देवळाच्या पायरीवर बसवीत होतों त्यांना त्यांनीं बांकावर बसविलें, हेंही तितकेंच उघड आहे. १९०२ सालीं मुंबईंतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिच्याशीं डॉ. नीलकंठराय छत्रपति यांचें नांव निगडित आहे. ते स्वतः अंध होते, आणि त्यांच्या नांवानें टिंबांची एक निराळी पद्धति ओळखली जाई.

येथेंच आपली मोठी अडचण सुरू झाली. नीलकंठरायांची एक पद्धति, कलकत्त्यास १८९७ सालीं शाळा काढणाऱ्या लालबिहारी शाह यांची दुसरी, नोल्स व गार्थवेट यांनीं पौर्वात्य भाषांसाठीं जुळविलेली तिसरी, दक्षिणेंत आणखी निराळ्या. प्रत्येकानें कळकळीनें काम केलें आणि प्रत्येकानें 'क' साठीं वेगळीं टिंबें योजलीं. आमच्या बाजाराच्या भाषेंत बोलावयाचें तर उपरण्याखालीं हात गेले, पण एकाची खूण दुसऱ्याला ठाऊक नाहीं. कलकत्त्याचें पुस्तक मुंबईच्या मुलाला मुकें. आधींच मूठभर असलेल्या पुस्तकांचे आणखी तुकडे. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही हाच घोळ झाला होता. तेथें अनेक टिंबपद्धति एकमेकींशीं भांडत होत्या, आणि सबंध इंग्रजी जगासाठीं एक ब्रेल ठरावयास १९३२ साल उजाडावें लागलें.

आपल्याकडे हिंदुस्थान सरकारनें एका लिपीसाठीं १९४१ सालीं समिति नेमली. तिच्या मसुद्यानें वाद मिटला नाहीं. दरम्यान महायुद्धांत डोळे गमावलेल्या हिंदी शिपायांसाठीं १९४३ सालीं डेहराडूनला सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. तिचे प्रमुख सर क्लूथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे. १९१५ सालीं गॅलिपोलीच्या रणांत ते स्वतः अंध झाले होते. वादाचा मुद्दा असा होता : भारतीय भाषांनीं आपल्या वर्णमालेला धरून स्वतंत्र टिंबें योजावींत, कीं लुई ब्रेलच्या मूळ चिन्हांचे उच्चार राखून त्यांतच आपले वर्ण बसवावेत? स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९४९ सालीं हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. १९५० सालीं पॅरिसला आणि १९५१ सालीं बैरूतला परिषदा झाल्या आणि दुसरा पक्ष मान्य झाला. 'भारती ब्रेल' जन्मास आली ती ही. त्याच सालीं डेहराडूनला केंद्रीय ब्रेल छापखाना सुरू झाला.

हा निर्णय शहाणपणाचा झाला असें माझें मत आहे. आज मराठी 'क', बंगाली 'क' आणि तमिळ 'क' टिंबांनीं एकच आहेत, आणि इंग्रजी 'के' सुद्धां तोच : पहिलें व तिसरें टिंब. डोळस भारतीयांना जी एकलिपि अद्याप साधलेली नाहीं ती अंध भारतीयांना १९५१ पासून साधलेली आहे.

शाळामास्तराच्या दृष्टीनें यांत आणखी एक मौज आहे. आपल्या देवनागरींत 'कि' लिहितांना वेलांटी आधीं येते आणि उच्चार मागून. पहिलीच्या वर्गांत हें पटवितांना आम्हां शिक्षकांच्या नाकीं नऊ येतात. ब्रेलमध्यें मात्रा वर नाहीं, उकार खालीं नाहीं, वेलांटी आधीं नाहीं. उच्चाराच्या क्रमानें एकामागून एक वर्ण येतात : आधीं 'क', मग 'इ'. जोडाक्षर असेल तर एकटें चौथें टिंब आधीं येऊन सांगतें कीं पुढचें व्यंजन मोडकें आहे. आणि ऱ्हस्व 'इ' चीं टिंबें दुसरें व चौथें, दीर्घ 'ई' चीं तिसरें व पांचवें. दिन आणि दीन यांची गल्लत बोटाखालीं होऊंच शकत नाहीं. गणितासाठीं पुढें टेलर फ्रेम नांवाची अष्टकोनी भोंकांची पाटी आली. तींत खिळे बसवून उभी बेरीज मांडतां येते, हातचा धरतां येतो.

पुण्यास १९३४ सालीं डॉ. शंकरराव माचवे यांच्या पुढाकारानें अंधशाळा व वसतिगृह स्थापन झालें. मुलांची शाळा कोरेगांव पार्कांत आणि मुलींची कोथरुडांत आहे. ज्या पुण्यांत गुलाबराव महाराजांनीं देह ठेवला त्याच पुण्यांत, त्यानंतर एकोणीस वर्षांनीं. काष्टीकडच्या माणसाला दौंडमार्गें पुणें दूर नाहीं. पण सहा-सात वर्षांचें दृष्टिहीन लेंकरूं वसतिगृहांत ठेवावयाचें म्हटलें कीं खेड्यांतील आईचा पाय निघत नाहीं. मग तें घरींच राहतें, किंवा जवळच्या साध्या शाळेंत ऐकत बसतें. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमानें ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. साध्या शाळेंत अशा शिक्षकाची फेरी किती दिवसांनीं होते, यावर त्या मुलाचें अक्षर अवलंबून राहतें. लिपि रोज हाताखालीं लागते, पंधरवड्यानें नव्हे.

याच ठिकाणीं अलीकडे एक नवीन युक्तिवाद ऐकूं येतो. १९६३ सालीं मुंबईंत राष्ट्रीय अंधजन मंडळानें बोलत्या पुस्तकांचें ग्रंथालय सुरू केलें. पुढें ध्वनिफिती आल्या, संगणक बोलूं लागला, आतां खिशांतला मोबाइल वाटेल तो मजकूर वाचून दाखवितो. मग अवजड ब्रेल कशास हवी? अवजड ती खरीच. छापील एका पुस्तकाचे तींत कित्येकदां दोन-तीन जाड खंड होतात, आणि गठ्ठा बांधून ठेवला तर टिंबें बसतात. हीं यंत्रें अंधांना मोठें वरदान आहेत, त्यांना नांवें ठेवण्याचें मला कारण नाहीं. परंतु डोळस मुलाच्या हातीं आपण रेडिओ देतों म्हणून त्याची पाटी काढून घेत नाहीं. अंध मुलाचीच का काढावी? कानानें वाचणारा मुलगा परीक्षेंत लेखनिकाला उत्तर सांगतो. शुद्धलेखन लेखनिकाचें, आणि गुण मात्र मुलाचे. आणि ज्याला दृष्टीबरोबर श्रवणही नाहीं त्याला बोलका मोबाइल काय उपयोगाचा? १९५५ सालीं भारतांत येऊन गेलेल्या हेलन केलर अशा होत्या. त्यांचें सारें वाचन बोटांचें.

आतां हेंच भाषण पाहा. मी बोलतों आहें तोंवर माझे डोळस आणि अंध श्रोते एकाच पंक्तीस आहेत. उद्यां तें मासिकांत छापलें गेलें कीं पंक्ति मोडेल. मराठी अंध वाचकाला पाक्षिकाची पंगत मिळाली ती १५ फेब्रुवारी २००८ रोजीं, श्री. स्वागत थोरात यांनीं 'स्पर्शज्ञान' हें ब्रेल पाक्षिक काढलें तेव्हां. अंध विद्यार्थ्यांना घेऊन नाटक बसवितांना या मुलांची वाचनाची भूक त्यांनीं पाहिली होती. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें १८३२ सालीं. म्हणजे डोळस मराठी वाचकानंतर अंध वाचकाला १७६ वर्षें थांबावें लागलें. लेखकाची परवानगी न घेतां पुस्तक ब्रेलमध्यें काढण्याची मोकळीक आपल्या कायद्यानें २०१२ सालीं दिली, आणि त्याच हेतूचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ सालीं सर्वांआधीं मंजूर करणारा देश भारत होता. कायद्याची आडकाठी आतां उरलेली नाहीं. पुस्तकें वाचणारीं बोटें तयार व्हावयाचीं आहेत.

शेवटीं एक व्यवहारांतली गोष्ट. २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून आपल्या मतदानयंत्रावर बटणाशेजारीं ब्रेल अंक उठविलेले असतात, आणि केंद्रावर उमेदवारांची ब्रेल यादी ठेवण्याची तजवीजही निवडणूक आयोगानें केलेली आहे. ज्या अंध मतदाराला ब्रेल येते तो यादी चाचपतो, अंक शोधतो, बटण दाबतो आणि बाहेर येतो; त्यानें कोणाला मत दिलें हें त्याच्याशिवाय कोणास ठाऊक नसतें. ज्याला ब्रेल येत नाहीं त्याला निवडणूक नियमांतील ४९-एन या नियमाप्रमाणें बरोबर एक सोबती नेतां येतो. सोबती अठरा वर्षांचा पुरा असावा लागतो. त्या दिवशीं तो दुसऱ्या कोणाचा सोबती झालेला नसावा. आणि या मतदारानें कोणाला मत दिलें तें मी गुप्त ठेवीन, असें त्या सोबत्याला लिहून द्यावें लागतें.